भेदरलेल्या मुक्या जिवाला घर देताना



रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात कुत्र्याचा विषय कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांना पडणे स्वाभाविक आहे. त्याची दोन कारणे आहेत. श्वानदंशाचे रुग्ण ग्रामीण भागातील कोणत्याही रुग्णालयाला नवे नाहीत आणि त्यांतील अनेक दंश हे कुत्र्याच्या दुष्टपणामुळे नव्हे, तर भीतीमुळे झालेले असतात, हे पहिले कारण. दुसरे कारण असे की, भय ही रुग्णालयाच्या नित्य परिचयाची गोष्ट आहे. भ्यालेल्या जिवाशी कसे वागावे, याचा जो धडा मुके जनावर देते, तो आजाऱ्याच्या उशाशी बसणाऱ्या प्रत्येकाला उपयोगी पडणारा आहे.

आपली परंपराही या प्राण्याला परकी नाही. खंडोबाच्या सोबत कुत्रा असतो, दत्तगुरूंच्या पायाशीही तो असतो. आपल्याच मराठवाड्यातील नरसी येथील संत नामदेवांची कथा तर घरोघरी सांगितली जाते. कुत्र्याने भाकरी पळविली, तेव्हा ती कोरडी कशी खाशील म्हणून नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले. या कथेतील भाव थोर आहे. मात्र मार खाऊन, उपाशी राहून, अपघातातून वाचून आलेला कुत्रा आपल्या घरी आणला असेल, तर भाव नामदेवांचा ठेवावा आणि मागे धावणे तेवढे टाळावे. या लेखाचे सार एवढेच आहे. पुढील विवेचन त्याच्या स्पष्टीकरणार्थ आहे.

एक घरगुती अनुभव

काही वर्षांपूर्वी बिलोली–कुंडलवाडी रस्त्याच्या कडेला एक तरुण कुत्री वाहनाच्या धक्क्याने जखमी होऊन पडलेली आढळली. पशुवैद्यकांकडून उपचार करवून मी तिला घरी आणले. घरात पाऊल टाकताच ती कोपऱ्यातील बाजेखाली शिरली आणि दोन दिवस बाहेर आली नाही. अन्नाला तोंड लावीना. माझ्या मनातील दया अधीर झाली. तिला मायेने कुरवाळावे, म्हणजे तिची भीती जाईल, या समजुतीने मी हात घालून तिला ओढून बाहेर काढू लागलो आणि तिने माझ्या मनगटाला कडकडून चावा घेतला.

जखम धुऊन लसीचा संपूर्ण क्रम मी पूर्ण केला. चूक कुत्रीची नव्हती, माझी होती. तिच्या दृष्टीने एका अनोळखी मोठ्या प्राण्याने तिची पळवाट अडवून तिच्यावर झडप घातली होती.

माझ्या आईला कुत्र्यांची मुळीच आवड नव्हती. ती रोज सकाळी त्याच खोलीत बाजेपासून थोड्या अंतरावर पाठ करून बसे आणि सुपात तुरीची डाळ निवडीत असे. कुत्रीकडे ती पाहत नसे, तिला बोलावत नसे. फक्त उठताना भाकरीचा एक तुकडा जमिनीवर ठेवून जाई. पाचव्या दिवशी तो तुकडा आईच्या देखत खाल्ला गेला. नवव्या दिवशी कुत्री बाजेबाहेर येऊन आईच्या पाठीमागे हातभर अंतरावर बसली. तीन आठवड्यांनी तिने आईच्या पदराचा वास घेतला. घरात सर्वांत कमी प्रेम दाखविणाऱ्या माणसाची तिने प्रथम निवड केली होती. आईने नकळत केले, ते जाणीवपूर्वक कसे करावे, हे आता पाहू.

भीतीचे स्वरूप

भीती हा स्वभावदोष नसून जीव वाचविणारी शारीरिक यंत्रणा आहे. धोका जाणवताच शरीरात अॅड्रिनॅलिन व कॉर्टिसॉल ही संप्रेरके स्रवतात, हृदयाचे ठोके वाढतात, पचन मंदावते. म्हणूनच भ्यालेला प्राणी भूक असूनही खात नाही. त्याने खाणे नाकारणे म्हणजे हट्ट नव्हे.

कुत्र्याच्या पिल्लाचा वयाच्या साधारण तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ जगाशी ओळख करून घेण्याचा असतो, असे स्कॉट आणि फुलर या अमेरिकन संशोधकांनी दीर्घ अभ्यासांती १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवून दिले. त्या काळात ज्याने माणसाचा मायेचा हात पाहिला नाही, त्याला पुढे प्रत्येक हात दगड उचलणारा वाटतो. शिवाय रस्त्यावरच्या कुत्र्याला चारी दिशा मोकळ्या असतात. घरात मात्र भिंती, बंद दार, गुळगुळीत फरशी, डोक्यावर फिरणारा पंखा आणि अचानक वाजणारी कुकरची शिट्टी असते. आपल्याला जो आसरा वाटतो, तो त्याला सापळा वाटू शकतो.

हे आपणा मराठवाडावासीयांना समजणे अवघड जाऊ नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला, त्यानंतर कित्येक माणसे दीर्घकाळ दगडी भिंतींच्या आणि माळवदाच्या घरात निजण्यास धजत नव्हती. उघड्यावरची थंडी त्यांना छपरापेक्षा सुरक्षित वाटे. त्यांना कोणी भित्रे म्हटले नाही. ज्याने जे भोगले, त्याचे शरीर ते लक्षात ठेवते.

भीती कशी ओसरते

१९२४ साली मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ विदुषीने सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलावर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. मूल आवडीचा खाऊ खात असताना ससा पिंजऱ्यात दूर ठेवला जाई. मूल शांत राहिले, तरच तो क्रमाक्रमाने जवळ आणला जाई. शेवटी ते मूल सशाला स्वतः कुरवाळू लागले. या पद्धतीत दोन तत्त्वे आहेत. भीतीची वस्तू इतक्या दूर ठेवावी की भय जागे होऊ नये आणि त्याच वेळी काही सुखद गोष्ट घडावी. भ्यालेल्या कुत्र्याला माणसाळविण्याची आजची मान्य पद्धत याच तत्त्वांवर उभी आहे. भीतीची वस्तू बळजबरीने अंगावर आणल्यास सवय होत नाही, उलट भय पक्के होते. कधी तो प्राणी निपचित पडून राहतो आणि पाहणाऱ्यास तो शांत झाल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात त्याने आशा सोडलेली असते.

आचरणाचे नियम

१. प्रथम पशुवैद्यक. घरी आणण्यापूर्वी अथवा त्याच दिवशी तपासणी करून घ्यावी. रेबीज-प्रतिबंधक व इतर लसी, जंतनाशक औषध आणि गोचिडांवरील उपाय त्यांच्या सल्ल्याने करावेत. वेदना हे भीतीचे व चावण्याचे मोठे कारण असते. माणसांची वेदनाशामक औषधे कुत्र्याला स्वतःच्या मनाने कधीही देऊ नयेत. त्यांतील काही त्याला प्राणघातक ठरतात.

२. एक कोपरा त्याचा. वर्दळीपासून दूर, तीन बाजूंनी आडोसा असलेली जागा द्यावी. जुने पोते किंवा गोधडी अंथरावी, पाणी जवळ ठेवावे. त्या कोपऱ्यात तो असताना कोणीही हात घालू नये. हा नियम लहान मुलांना व पाहुण्यांना आवर्जून सांगावा.

३. पहिल्या दिवशी सोहळा नको. आंघोळ, शेजाऱ्यांची गर्दी, छायाचित्रे, सारे पुढे ढकलावे. दार बंद ठेवावे. बाहेर नेताना पट्टा व साखळी भक्कम असावी. भ्यालेला कुत्रा सुटला, तर हाकेला येत नाही.

४. जवळ जाऊ नये, जवळ येऊ द्यावे. त्याच्याकडे पाठ किंवा बाजू करून जमिनीवर बसावे. डोळ्यांत डोळे घालून पाहू नये, वरून वाकू नये. वर्तमानपत्र वाचावे, शेंगा फोडाव्यात. त्याने स्वतः वास घेतला, तर हालचाल न करता घेऊ द्यावा.

५. स्पर्शाला अनुमती घ्यावी. डोक्यावर हात ठेवण्याऐवजी छातीला किंवा खांद्याला हलकेच स्पर्श करावा. मनात पाचपर्यंत अंक मोजून हात काढून घ्यावा. तो आणखी जवळ सरकला, तर पुन्हा स्पर्श करावा. तो दूर झाला, तर तेच उत्तर समजावे.

६. ठरलेली वेळ, साधे अन्न. जेवण व फिरणे रोज एकाच वेळी असावे. पुढे काय घडणार हे कळले की भय कमी होते. अन्न बिनमसाल्याचे द्यावे. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका व चॉकलेट कुत्र्याला अपायकारक आहेत, म्हणून उरलेली भाजी-आमटी टाकण्याची पद्धत सोडावी.

७. शिक्षा नको. ओरडणे वा काठी उगारणे यांनी तो शिकतो ते इतकेच की माणसाविषयी त्याला वाटत होते ते खरे होते. घरात घाण केली, तर मुकाट्याने पुसून घ्यावी आणि बाहेर नेण्याच्या वेळा वाढवाव्यात.

८. आवाजाचे दिवस ओळखावेत. दिवाळीचे फटाके, लग्नाची वरात, वळवाच्या पावसातील गडगडाट यांच्या आधीच त्याला आतल्या खोलीत न्यावे व खिडक्या लावाव्यात. तो आपल्याजवळ आला, तर हाकलू नये. धीर दिल्याने भीती वाढते, हा समज खरा नाही.

मागे वळलेले कान, पोटाखाली गेलेली शेपटी, वारंवार ओठ चाटणे, झोप नसताना जांभया देणे, डोळ्यांतील पांढरा भाग दिसणे ही भीतीची भाषा आहे. गुरगुरणे ही शेवटची सूचना होय. गुरगुरण्याबद्दल मारलेला कुत्रा पुढे सूचना न देताच चावतो.

किती दिवस लागतात, असे अनेकजण विचारतात. या क्षेत्रात काम करणारे तीन दिवस, तीन आठवडे व तीन महिने असा एक ढोबळ आडाखा सांगतात. प्रारंभीचा धक्का ओसरण्यास तीन दिवस, घराची रीत कळण्यास तीन आठवडे आणि घर आपले वाटण्यास तीन महिने. फार भोगलेल्या जिवाला याहून अधिक काळ लागतो आणि काही भये आयुष्यभर राहतात. आमची ती कुत्री आजही हातात काठी घेतलेला पाहुणा दिसला की बाजेखाली जाते. आम्ही पाहुण्यांना काठी दाराबाहेर ठेवण्यास सांगतो.

दंश झाल्यास

येथे हयगय नको. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते. लक्षणांपूर्वी योग्य उपचार झाल्यास मात्र हा रोग टाळता येतो. पाळलेल्या कुत्र्याचा किंवा पिल्लाचा ओरखडादेखील दुर्लक्षू नये. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. तिखट, हळद, चुना यांपैकी काहीही लावू नये. लगेच रुग्णालयात यावे. स्नायूत द्यावयाच्या लसीचे दिवस ०, ३, ७, १४ व २८ असे असतात. रक्त आलेल्या जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. पहिल्या दोन इंजेक्शनांनंतर बरे वाटते म्हणून क्रम सोडू नये. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवावे, परंतु त्या निकालासाठी लस थांबवू नये.

समाजाची जबाबदारी

या प्रश्नाला मोठा इतिहास आहे. १८३२ साली मुंबईत भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेवरून दंगल उसळली आणि १८३४ साली सर जमशेटजी जीजीभाई व मोतीचंद अमीचंद यांच्या दातृत्वातून मुंबईचा पांजरपोळ उभा राहिला. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याखालील २०२३ च्या नियमांनी निर्बीजीकरण व लसीकरण हा मार्ग सांगितला. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मधील आदेशात प्राणिप्रेमींना रस्त्यावरचा कुत्रा रीतसर अर्ज करून दत्तक घेण्याची मुभा दिली, मात्र तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही, ही जबाबदारी घेणाऱ्यावर ठेवली. नोव्हेंबर २०२५ मध्ये रुग्णालये, शाळा, बसस्थानके यांच्या आवारातून भटकी कुत्री हलविण्याचा आदेशही त्याच न्यायालयाने दिला. अर्थात दत्तक घेणे ही क्षणिक दया नव्हे. दहा-बारा वर्षांचा तो संकल्प आहे. ज्याच्याकडे तितका वेळ व धीर नाही, त्याने निर्बीजीकरण व लसीकरणास हातभार लावावा. तेही तितकेच पुण्याचे काम आहे.

समारोप

रात्री-अपरात्री खेड्यातून आणलेला रुग्ण पांढरे कपडे, लोखंडी खाट आणि औषधांचा वास यांनी दबून जातो. त्याला आपण सहज म्हणतो, “घाबरू नका.” परंतु असे सांगितल्याने भीती जात नाही. जवळ बसणारे माणूस घाई करीत नाही, न विचारता हात लावीत नाही आणि ठरल्या वेळी पुन्हा येते, हे अनुभवास आले म्हणजे ती जाते. परिचारिका इंजेक्शनचा ट्रे बाजूला ठेवून प्रथम आजीबाईंच्या गावाची चौकशी करते, तेव्हा ती हेच करीत असते.

आपल्या दानातून इमारती उभ्या राहतात, यंत्रे येतात आणि त्यांबद्दल हे रुग्णालय आपले सदैव ऋणी आहे. पण खोलीत पाठ करून बसलेली, सुपातील डाळ निवडणारी आणि उठताना भाकरीचा तुकडा ठेवून जाणारी वृत्ती प्रत्येकाने आपापल्या घरातून आणावयाची आहे. ती आपणा सर्वांच्या ठायी वृद्धिंगत होवो, ही प्रार्थना.