शरभ कसा ओरडतो?

मराठीच्या तासाला ध्वनिदर्शक शब्द तुम्ही पाठ केलेच असतील. वाघाची डरकाळी, सिंहाची गर्जना, हत्तीचा चीत्कार, घोड्याचे खिंकाळणे, मोराचा केकारव. या यादीत एका प्राण्याची जागा मात्र रिकामीच राहिली आहे. तो प्राणी म्हणजे शरभ.

शरभ तुम्ही पाहिलेला असण्याचा पुष्कळ संभव आहे; नाव ठाऊक नसेल एवढेच. आपल्या किल्ल्यांच्या दरवाजांवर सिंहासारखा, पण सिंह नव्हे, असा एक प्राणी कोरलेला असतो. कधी त्याला पंख असतात, तर कधी त्याच्या पंजांत हत्ती असतात. मुरूड-जंजिऱ्याच्या दरवाजापाशी सहलीतल्या एका आठवीच्या मुलीने मला विचारले, “सर, हा ओरडतो कसा?” “अगं, तो खोटा प्राणी, ओरडणार कुठून?” असे म्हणून मी तिला पुढे पिटाळले. परतताना होडीत वाटले, की हे काही उत्तर झाले नाही. प्राणी खोटा असला तरी आवाजाचे नियम खरे आहेत. मग ते त्याला लावून पाहायला काय हरकत आहे?

महाभारताच्या शांतिपर्वात शरभाची एक गंमतीदार कथा आहे. ऋषीच्या आश्रमातला एक कुत्रा बिबट्याला भितो, म्हणून ऋषी त्याला बिबट्या करतो. मग वाघाचे भय, म्हणून वाघ. पुढे हत्ती, मग सिंह आणि शेवटी आठ पायांचा शरभ. हा शरभ ऋषीलाच खाऊ पाहतो, तेव्हा ऋषी त्याला पुन्हा कुत्रा करून टाकतो! या कुत्र्याच्या गळ्यात प्रत्येक वेळी काय बदलले असेल, याचा विचार केला तर आपले निम्मे काम होईल.

आवाजाला दोन गोष्टी लागतात. एक, कंप पावणारे स्वरतंतू. दुसरी, त्यांच्यावरची गळ्या-तोंडाची पोकळ नळी. फुप्फुसातून येणारी हवा स्वरतंतूंना हलवते. पुरुष बोलताना ते सेकंदाला सुमारे १२० वेळा कंप पावतात, स्त्री बोलताना सुमारे २०० वेळा. तंतू लांब आणि जाड असतील तर कंपने कमी होतात आणि आवाज खर्जातला येतो. नळीचे काम निराळे. ती त्या आवाजातल्या काही कंपनांना उचलून धरते व बाकीच्यांना दाबते. आता शेजाऱ्याच्या कानात नुसते कुजबुजून ‘आ’ म्हणा, मग ‘ई’ म्हणा. कुजबुजताना स्वरतंतू कंप पावत नाहीत, तरी शेजारी दोन्ही स्वर बरोबर ओळखतो. कारण तुम्ही फक्त नळीचा आकार बदललात!

एका टोकाला बंद असलेल्या नळीचा सर्वांत खालचा अनुनाद काढायचा तर ध्वनीच्या वेगाला नळीच्या लांबीच्या चौपटीने भागायचे. मोठ्या माणसाची ही नळी सुमारे १७ सेंटिमीटर असते. ३४० भागिले ०.६८, म्हणजे ५०० हर्ट्झ. खऱ्या गळ्यातही आकडा याच आसपास येतो, फक्त स्वरागणिक तो थोडा खालीवर होतो. हे निव्वळ कागदी गणित नाही. २०२० साली इंग्लंडमधील संशोधकांनी नेस्यामुन नावाच्या सुमारे ३००० वर्षांपूर्वीच्या इजिप्शियन पुजाऱ्याच्या ममीतील ही नळी क्ष-किरणांनी मोजली, तिची प्रतिकृती बनवली आणि कृत्रिम स्वरयंत्र जोडून तिच्यातून एक स्वर काढून दाखवला.

आता आपल्या कुत्र्याकडे वळू. तो बिबट्या झाला की त्याचा आवाज करवतीने लाकूड कापल्यासारखा खरखरीत होईल. वाघ आणि सिंह होताना मोठा बदल होतो. त्यांचे स्वरतंतू नुसते लांब नसतात. आतल्या चरबीमुळे ते मऊ व चौकोनी कडेचे झालेले असतात, त्यामुळे थोड्या जोरातही ते भरपूर हलतात. सिंहाची गर्जना ८ किलोमीटरपर्यंत ऐकू जाते ती या तंतूंच्या बळावर. शिवाय सिंहाचे स्वरयंत्र छातीकडे खाली ओढता येते, म्हणजे नळी हवी तेव्हा लांब. (जिभेखालचे हाड पूर्ण कठीण झालेले नसते म्हणूनच सिंह गर्जतो, असे जुन्या पुस्तकांत सापडेल. पण हिमबिबट्याचेही ते हाड तसेच असते आणि तो गर्जत नाही. तेव्हा हे स्पष्टीकरण अपुरे आहे.)

हत्तीची गंमत तर विचारूच नका. चीत्कार आपल्याला ऐकू येतो, पण त्याचे बरेचसे बोलणे आपल्याला ऐकूच येत नाही! माणसाचा कान २० हर्ट्झच्या खालचे ऐकत नाही. १९८४ साली केटी पेन या संशोधिका अमेरिकेतील पोर्टलंडच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींजवळ बसल्या असता त्यांना हवेत एक धडधड जाणवली. ध्वनिमुद्रण तपासले तेव्हा हत्ती १४ ते २४ हर्ट्झच्या स्वरांत बोलत असल्याचे आढळले. २०१२ मध्ये तर बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयात नैसर्गिकरीत्या मेलेल्या एका हत्तिणीच्या स्वरयंत्रातून नुसती हवा फुंकून तसाच स्वर काढण्यात आला.

आता शरभ. तो सिंहाएवढाच, म्हणजे २ मीटर लांब मानला आणि नळी अंगाच्या पाचव्या हिश्श्याइतकी, ४० सेंटिमीटर धरली, तर अनुनाद २१२ हर्ट्झवर येतो. मग तो सिंहासारखाच गर्जेल; नवा शब्द शोधायचे कारणच नाही. पण शिल्पकाराने पंजात हत्ती दिले आहेत ना! ते खरे मानू. समजा, शिल्पातला हत्ती शरभाच्या चौथ्या हिश्श्याएवढा आहे. खरा हत्ती ५ मीटर लांब धरला, तर शरभ झाला २० मीटरचा. नळी ४ मीटर. ३४० भागिले १६, उत्तर २१ हर्ट्झ! स्वरतंतूही सिंहाच्या दसपट लांब झाले. ताण तोच राहिला तर कंपने दहाव्या हिश्श्यावर येतात. सिंहाची २०० धरली, तर शरभाची २०.

म्हणजे दरवाजावरचा पहारेकरी वर पाहत राहील. त्याला फार तर छातीत धडधड जाणवेल, वरच्या उपस्वरांची घरघर ऐकू येईल. मूळ स्वर जेमतेम कानाच्या उंबरठ्यावर. पंजात सापडलेल्या हत्तींना मात्र तो लख्ख ऐकू येत असेल! बिचारे.

आठ पायांचा काही उपयोग? आवाजाला नाही, पण वजनाला थोडा होईल. लांबी दसपट झाली की वजन हजारपट होते आणि पायाची जाडी, म्हणजे छेदाचे क्षेत्रफळ, शंभरपटच वाढते. प्रत्येक पायावरचा दाब दसपट. चाराचे आठ पाय केल्यावर तो पाचपटीवर येतो, तरीही हाडे टिकतील असे वाटत नाही. धावताना तर तो ओरडणारच नाही. चौखूर उधळलेला घोडा प्रत्येक झेपेला एकच श्वास घेतो. श्वास असा पायांच्या तालाला बांधला गेला की लांब गर्जना करणार कशी? म्हणून शरभ आधी थांबेल, मग ओरडेल. पंखांवरून त्याला पक्ष्याचा गळा द्यायचा झाला तर गोष्ट आणखी रंगेल. पक्ष्यांचे स्वरयंत्र श्वासनलिका जिथे दुभंगते तिथे असते आणि कित्येक गाणारे पक्षी त्याच्या दोन बाजूंनी एकाच वेळी दोन स्वर काढतात.

माझा ‘चौथा हिस्सा’ हा निव्वळ अंदाज आहे. पुढच्या सहलीला मोजपट्टी घेऊन जा, किंवा शिल्पाचे समोरून छायाचित्र काढून त्यावर मोजा. हत्तीच्या किती पट शरभ आहे, तो आकडा काढा आणि ८५ ला त्याने भागा. ८५ च का, हे वरच्या गणितातून तुम्हीच शोधा. उत्तर २० च्या खाली आले तर त्या आवाजाला ‘गर्जना’ म्हणता येणार नाही. शब्द नवा हवा.