निनावी बातमी

मंडळी, तुम्ही आता वाचायला शिकलात. एस.टी.ची पाटी वाचता, सातबाऱ्यावरचे नाव वाचता. मोबाइलवर आलेला निरोपही वाचता. या मोबाइलवरच्या निरोपाविषयी आम्ही आज थोडे सांगणार आहोत.

तोंडी बातमी आली की आपण विचारतो, "कोण म्हणालं?" पारावर बसून एखादा काही बोलला, तर तो कोणाचा कोण, त्याचे कोणाशी वाकडे आहे, तो किती खरे बोलतो, हे गावाला ठाऊक असते. त्यावरून आपण त्याचे बोलणे तोलतो. मोबाइलवरच्या निरोपाचे तसे नाही. तो मेव्हण्याने धाडलेला असतो, म्हणून आपण मानतो. मेव्हण्याला कोणी धाडला? त्याच्या मित्राने. मित्राला कोणी? इथे वाट हरवते. ज्याने तो पहिल्यांदा लिहिला, त्याचे नाव कोणालाच माहीत नसते. या बातमीला आई-बाप नाही. आणि लिहिलेले दिसले की माणसाला ते खरे वाटते. नुकताच वाचू लागलेल्याला तर फारच.

धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात राईनपाडा हे गाव आहे. २०१८ सालची १ जुलै. रविवार, बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसे तिथे आली होती. भिक्षा मागत गावोगाव फिरणे हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज. त्या दिवसांत मोबाइलवर निरोप फिरत होते, की मुले पळवणारी टोळी आली आहे. यांच्यातला एक जण लहान मुलीशी बोलताना कोणाला दिसला. झाले! लोक जमले. पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या कचेरीत कोंडून मरेपर्यंत मारले. त्यांनी मूल पळवल्याचा काडीचाही पुरावा नव्हता. त्याच दिवशी रात्री मालेगावात एका कुटुंबाला जमावाने असेच घेरले होते. तिथे मात्र त्यांना एका घरात आसरा मिळाला, पोलीस आले आणि जीव वाचले. त्या वर्षी देशभरात असल्या अफवांपायी वीसहून अधिक माणसे मारली गेली.

लोकांना इतकी खात्री का वाटली? कारण त्यांनी, म्हणे, डोळ्यांनी पाहिले होते! त्या वर्षी भारतात एक चित्रफीत फार फिरली. मोटरसायकलवरून दोघे जण येतात, गल्लीत खेळणारे पोर उचलतात आणि पसार होतात. बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. आता खरी हकिगत ऐका. ही चित्रफीत पाकिस्तानात कराची शहरी तयार केलेली होती. मुलांना जपा, हे आईबापांना पटावे म्हणून एका संस्थेने ती मुद्दाम केली होती. तिच्या शेवटी ते दोघे परत येतात, पोराला सोडतात आणि हातातला फलक दाखवतात, की मूल पळवायला एवढासाच वेळ लागतो. कोणीतरी हे शेपूट कापून टाकले. नुसता धडाचा भाग राहिला. लोकांना सावध करणारी चित्रफीत अफवेचा पुरावा होऊन बसली. शेपूट कोणी कापले? ते अजून कोणाला ठाऊक नाही.

निरोप किती वेगाने पसरतो, त्याचा हिशेब करू. जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सॲप कंपनीने भारतापुरता नियम केला, की आलेला निरोप एका वेळी पाचांपेक्षा जास्त ठिकाणी पुढे धाडता येणार नाही. पाच म्हणजे थोडेच वाटतात. पण त्या पाचांनी प्रत्येकी पाचांना धाडले की २५ होतात. मग १२५, मग ६२५. सहाव्या खेपेला १५,६२५. आणि एखादे ठिकाण म्हणजे एक माणूस नव्हे, दोनअडीचशे जणांचा गटही असू शकतो. एप्रिल २०२० मध्ये नियम आणखी आवळला. फार हातांतून आलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी धाडता येऊ लागला. बांध घातला, पण पाणी अडायचे थोडेच?

हे खेड्यातल्या अडाणी लोकांतच घडते, असे शहरातले शहाणे म्हणतात. ते खरे नाही. अमेरिका केवढा श्रीमंत देश, घरोघर शिकलेली माणसे. तिथेही असेच घडले, आणि गंमत बघा, बातमीही तीच : मुले पळवणारी टोळी!

२०१६ साली तिथे राष्ट्राध्यक्षाची निवडणूक होती. एका बाजूला हिलरी क्लिंटन बाई, दुसऱ्या बाजूला डोनाल्ड ट्रम्प. क्लिंटन बाईंच्या प्रचारप्रमुखाची खाजगी पत्रे कोणीतरी चोरली आणि ती उघड झाली. त्यांत जेवणाखाण्याचे उल्लेख होते. पिझ्झा म्हणजे तिकडची भाजलेली, वर चीज घातलेली जाड भाकरी. काही निनावी लोकांनी लिहिले, की ही जेवणाची भाषा नव्हे, ही खुणेची भाषा आहे. राजधानी वॉशिंग्टनमधल्या एका पिझ्झाच्या हॉटेलात तळघर आहे आणि मोठे पुढारी तिथे मुले डांबून ठेवतात. हजारोंनी ते वाचले आणि पुढे धाडले. ४ डिसेंबर २०१६ रोजी एक तरुण पाचशेहून अधिक किलोमीटर मोटार हाकत त्या हॉटेलात आला. हातात बंदूक. दोन मुलींचा बाप होता तो. मुलांना सोडवायचे, याच इराद्याने आला होता. त्याने गोळ्या झाडल्या, बंद दाराचे कुलूपही उडवायला पाहिले. मुले नव्हती. तळघरच नव्हते. नशिबाने कोणी मेले नाही. त्या तरुणाला चार वर्षांची शिक्षा झाली. ज्यांनी ती गोष्ट रचली, ते घरी बसून राहिले.

पुढच्याच वर्षी याहून मोठा प्रकार सुरू झाला. २८ ऑक्टोबर २०१७ रोजी एका निनावी माणसाने लिहिले, की ३० तारखेला क्लिंटन बाईंना अटक होणार. तो पुढे नावाऐवजी 'क्यू' एवढेच इंग्रजी अक्षर लिहू लागला. आपण सरकारातले मोठे अधिकारी आहोत, आपल्याला गुपिते कळतात, असे तो भासवी. देशावर मुले छळणाऱ्यांची टोळी राज्य करते आहे, आणि ट्रम्प तिचा लवकरच नायनाट करणार आहेत, हे त्याच्या बोलण्याचे सार. ३० तारीख आली आणि गेली. अटक झाली नाही.

आपल्याला वाटेल, संपला विषय. पण तो इथेच वाढला. क्यूची लिहिण्याची तऱ्हाच तशी होती. तो सरळ सांगत नसे. अर्धे वाक्य, एखादा आकडा, एखादा प्रश्न. कोडे घालावे तसे. उत्तर वाचणाऱ्याने शोधायचे. सांगितलेली गोष्ट माणूस विसरतो, पण स्वतः सोडवलेले कोडे तो सोडत नाही. ते त्याचे स्वतःचे होते. लोक रात्र रात्र बसून अर्थ लावू लागले. अंदाज चुकला, तर म्हणायचे, "शत्रूला फसवायला मुद्दाम चुकीचं सांगितलं." पुरावा मागितला, तर म्हणायचे, "पुरावा दडवलाय, हाच पुरावा!" एखाद्याने नाही म्हटले, की तोही टोळीतलाच. अशा गोष्टीला बाहेर पडायचे दार नसते. डिसेंबर २०२० पर्यंत क्यूच्या नावाने जवळजवळ पाच हजार निरोप निघाले.

यात मोबाइलमागच्या कंपन्यांचाही हात आहे. आपण जितका वेळ पडद्याकडे बघत राहू, तितकी जाहिरात दिसते आणि तितका त्यांना पैसा मिळतो. एक भयंकर चित्रफीत पाहिली की यंत्र तसलीच दुसरी पुढे करते. शिवाय कोणी क्यूच्या नावाचे सदरे विकले, कोणी पुस्तके विकली. भीतीचाही बाजार भरतो, मंडळी. कंपन्या जाग्या झाल्या त्या २०२० मध्ये. तेव्हा त्यांनी ही खाती काढून टाकली.

तोवर राजकारणाची भाषा बदलून गेली होती. निवडणुकीत खरे बोलणे कशाचे असते? कर किती, दवाखाना कुठे, रोजगार कोणाला. यात एक हो म्हणतो, एक नाही म्हणतो, आणि दुसऱ्या दिवशी दोघे एका पारावर बसतात. पण समोरचा मुले मारणारा राक्षस आहे, असे एकदा मनात भरले, की त्याच्याशी दवाखान्यावर कोण वाद घालील? पुढाऱ्यांनाही ते सोयीचे होते. ऑगस्ट २०२० मध्ये ट्रम्प यांना या मंडळींविषयी विचारले, तेव्हा ते म्हणाले, की मला फारसे माहीत नाही, पण त्यांना मी आवडतो. हो नाही, नाहीही नाही! अमेरिकेच्या लोकसभेने ऑक्टोबर २०२० मध्ये ३७१ विरुद्ध १८ मतांनी या कटकथेचा धिक्कार केला. महिन्याभरातच त्या सभेवर अशीही एक बाई निवडून आली, जिने पूर्वी क्यूची उघड तरफदारी केली होती.

नोव्हेंबरात ट्रम्प हरले. ६ जानेवारी २०२१ रोजी त्यांच्या समर्थकांचा जमाव संसदेच्या इमारतीत घुसला. दारे-खिडक्या फोडल्या, पोलिसांना मारले, सभासदांना जीव घेऊन लपावे लागले. त्या जमावात क्यूला मानणारे पुष्कळ होते.

मग कट कधी नसतातच की काय? असतात. त्याच वॉशिंग्टनमध्ये १९७२ साली विरोधी पक्षाच्या कचेरीत चोर शिरले. त्यांचे धागे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या माणसांपर्यंत पोचले आणि १९७४ मध्ये निक्सन यांना पद सोडावे लागले. तिथेही बातमीदारांना गुपचूप सांगणारा एक माणूस होता. पण बातमीदारांनी त्याचे म्हणणे दुसऱ्या-तिसऱ्याकडून पडताळले, स्वतःच्या नावाने छापले, आणि पुढे कोर्टात कागद हजर झाले. चुकले असते तर कोणाची मान धरायची, ते लोकांना ठाऊक होते.

आपल्या गावातही निवडणूक जवळ आली की निरोपांचा पाऊस पडतो. अमक्या जातीचे लोक असे करणार आहेत, तमक्याने तसा कट केला आहे. वाचून डोके तापते, आणि नळाला आठ दिवस पाणी का नाही, हे ग्रामसभेत विचारायचे राहून जाते. असा निरोप आला तर तो धाडणाऱ्यालाच विचारावे, "हे कुठं घडलं? कधी? तुला कोणी सांगितलं?" गाव, तारीख आणि नाव, यांपैकी एकही सांगता आले नाही, तर तो निरोप आपल्यापाशीच थांबवावा. मुले पळवल्याची बातमी असेल तर पोलिसांना ११२ या क्रमांकावर कळवावे. अनोळखी माणूस दिसला म्हणून हात उचलू नये.

२० जानेवारी २०२१ रोजी अमेरिकेत नवे राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी शपथ घेतली. क्यूच्या भक्तांना वाटत होते, की त्याच क्षणी सगळ्या टोळीला बेड्या पडतील. काही झाले नाही. कित्येक जण हिरमुसले, काहींनी नाद सोडला. क्यू तर त्याआधीच गप्प झाला होता. दीड वर्ष काही लिहिले नाही. मग जून २०२२ मध्ये त्या नावाने पुन्हा निरोप आला. खेळ परत खेळायचा का, असे त्यात विचारले होते.