नावातला मासा

शास्त्राचा तास होता. पण गुरुजींनी त्या दिवशी पुस्तक उघडले नाही. मधल्या सुट्टीत त्यांनी वर्गात अठरा चिठ्ठ्या लपवून ठेवल्या होत्या. प्रत्येक चिठ्ठीवर एका प्राण्याचे नाव व थोडी माहिती होती. टेबलावर पाच टोपल्या होत्या : मासे, उभयचर, सरपटणारे प्राणी, पक्षी आणि सस्तन प्राणी. मुलांच्या चार तुकड्यांनी चिठ्ठ्या शोधावयाच्या आणि आपल्या तुकडीचा क्रमांक घालून योग्य टोपलीत टाकावयाच्या, असा खेळ होता. प्रत्येक चिठ्ठीला एक गुण. पण चिठ्ठी चुकली, तर दोन गुण वजा!

वर्गात एकच धांदल उडाली. कोणी बाकाखाली वाकले, कोणी नकाशामागे हात घातला. बेडूक उभयचरांत गेला. नाग व कासव सरपटणाऱ्या प्राण्यांत गेले. वटवाघळाला पंख आहेत. पण पिसे नाहीत, आणि ते पिलांना दूध पाजते, हे ध्यानात येताच त्याची चिठ्ठी सस्तन प्राण्यांच्या टोपलीत पडली.

पहिल्या तुकडीच्या नायकाला देवमाशाची चिठ्ठी सापडली. ‘राहण्याचे ठिकाण : समुद्र’ एवढेच वाचून त्याने ती माशांच्या टोपलीत टाकली.

पहिल्या तुकडीला सहा गुण मिळाले, दुसरीला पाच. मुलांनी टोपल्या तपासल्या. देवमासा माशांत पाहून कोणालाच नवल वाटले नाही. नावातच मासा होता ना ! गुरुजी काही बोलले नाहीत.

नायकाचे मन मात्र स्वस्थ बसेना. चिठ्ठीवरची पुढची ओळ त्याला आठवली : ‘श्वास घेण्यासाठी पाण्यावर येतो.’ मासे तर पाण्यातच कल्ल्यांनी श्वास घेतात ! तो उभा राहू लागताच सोबत्याने त्याचा सदरा ओढला, “बस रे खाली ! जिंकलो आहोत आपण.”

तरीही तो उभा राहिला. “गुरुजी, आमची चिठ्ठी चुकली. देवमासा मासा नसावा. आमचे दोन गुण वजा करावेत.”

गुरुजी प्रसन्नपणे म्हणाले, “बरोबर आहे. देवमाशाला फुप्फुसे असतात आणि त्याची मादी पिलाला दूध पाजते. तो सस्तन प्राणी आहे. एकाच समुद्रात मासा, कासव आणि देवमासा राहतात. पण त्यांचे वर्ग तीन आहेत. घरावरून कुळ ठरत नाही. स्वीडनचा थोर शास्त्रज्ञ कार्ल लिनियस यानेही १७३५ साली देवमाशाला माशांतच घातले होते. १७५८ साली त्याच ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत त्याने स्वतःच ती चूक सुधारली.”

दुसरी तुकडी विजयी झाली. टाळ्या थांबल्यावर नायक टेबलापाशी गेला आणि देवमाशाची चिठ्ठी त्याने आपल्या हाताने सस्तन प्राण्यांच्या टोपलीत ठेवली.

स्वाध्याय
१. देवमाशाला मासा का म्हणता येत नाही ?
२. सोबत्याने नायकाचा सदरा का ओढला ?
३. ‘घरावरून कुळ ठरत नाही’ हे दोन प्राण्यांची उदाहरणे देऊन स्पष्ट करा.