मळवलीची लक्ष्मी

दापोडीस मुळा आणि पवना यांचा संगम होतो, आणि त्या पाण्याची ओल आषाढ लागला की आमच्या घराच्या नदीकडील भिंतीत वस्तीस येते, हे इतकी वर्षे तेथे राहून मला ठाऊक नव्हते असे म्हणता येणार नाही. तरीही आत्याबाईंनी मोठ्या विश्वासाने माझ्या स्वाधीन केलेली रविवर्म्याची लक्ष्मी मी त्याच भिंतीवर टांगली, कारण दिवाणखान्यात शिरणाऱ्याची दृष्टी प्रथम तेथे पडते.

त्या तसबिरीची हकीकत सांगणे अवश्य आहे. राजा रविवर्मा यांनी 1894 साली मुंबईत शिळाछापखाना काढला. तो पुढे मळवलीस आला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. एकेका रंगासाठी स्वतंत्र दगड, त्यावर टिपलेले असंख्य ठिपके, एकाच तावावर एकामागून एक उमटवलेले रंग, आणि तैलचित्राचा आभास व्हावा म्हणून अखेरीस चढवलेले रोगण, एवढ्या सायासाने सिद्ध झालेल्या लक्ष्मी-सरस्वती, ज्यांच्या घरी मूळ चित्र येण्याचा संभवही नव्हता अशा घरांतील देव्हाऱ्यांपर्यंत पोचल्या. दापोडीहून लोकलने निघाले तर लोणावळ्याच्या अलीकडचे स्थानक मळवलीचे. म्हणजे आमची लक्ष्मी याच रुळांवरची माहेरवाशीण. 1972 साली तो कारखाना आगीत नष्ट झाला.

आमच्या प्रतीस आणखी एक अपूर्वाई होती. आत्याबाईंच्या सासूबाईंनी लक्ष्मीच्या लुगड्यास जर आणि टिकल्या लावल्या होत्या; अशा रीतीने चित्रे सजवण्याची चाल त्या पिढीतील स्त्रियांत होती. मी ती तसबीर फ्रेमवाल्याकडे नेली आणि ‘नव्यासारखी करून द्या’ एवढेच म्हणालो. त्याने माझा शब्द पाळला. टिकल्या उतरवल्या, पिवळ्या पडलेल्या कडा कातरल्या, ताव सरसाने हार्डबोर्डावर डकवला आणि काच थेट चित्रावर बसवली. दुसऱ्या पावसाळ्यात रोगण काचेस धरले, आणि काच सोडवू गेलो तेव्हा लक्ष्मीचा एक हात कागदावरून सुटून काचेवर राहिला. श्रावणी शुक्रवारी आत्याबाई आल्या. त्या हाताविषयी त्या बोलल्या नाहीत, टिकल्या कोठे गेल्या एवढेच त्यांनी विचारले.

म्हणून ज्यांच्या घरी अशी प्रत असेल त्यांना माझे कळकळीचे सांगणे असे की, ती दुकानात देण्यापूर्वी आपला हुकूम स्पष्ट करावा. कड कातरू देऊ नये, कारण छापखान्याचे नाव बहुधा त्या कडेवरच असते आणि ते गेले की चित्राची वंशावळच गेली. ताव कशावरही डकवू नये. काच आणि चित्र यांत अंतर राहील असा जाड माउंट घ्यावा, तोही आम्लविरहित. साधा पुठ्ठा काही वर्षांत कागद तांबूस करतो. जर, टिकली, कुंकवाचा डाग, जे हाताने लागले ते राहू द्यावे. पुढे ऊन न येणारी आतली भिंत पाहावी, आणि तसबिरीच्या खालच्या कोपऱ्यांमागे बुचाचे तुकडे लावावेत, म्हणजे मागून वारा खेळतो.

नवी खरेदी करणाऱ्याने भिंग बरोबर न्यावे. जुन्या शिळाछापात ठिपके अनियमित, हाताच्या वळणाचे दिसतात. आधुनिक यंत्रछापात तेच ठिपके शिस्तीने जाळी धरतात, आणि अशा जाळीचा ताव चहाच्या पाण्याने जुनाट करून विकलेला मी पाहिला आहे.

चाकणच्या कारखान्यात नोकरीस असलेल्या शेजारच्या मुलाने सोरोया या स्पॅनिश चित्रकाराच्या चित्राची प्रत आणली आहे. सोरोयाने 1913 ते 1919 या काळात न्यूयॉर्कच्या हिस्पॅनिक सोसायटीसाठी स्पेनच्या प्रांतोप्रांतीचे वेष आणि उत्सव 14 भव्य चित्रांत रंगवले, त्यांपैकी ते एक. मूळ चित्र कितीही दूर असो, त्याच्या भिंतीवर आहे तो कागदच, आणि ओल दोघींनाही सारखीच. मी त्याला नदीकडची भिंत सोडायला लावली.

आमची लक्ष्मी आता माजघरातील आतल्या भिंतीवर आहे. सुटलेला हात मी रंगवून घेतला नाही. आत्याबाईंच्या जुन्या डब्यात तशाच सहा टिकल्या सापडल्या. त्या एका कागदी पाकिटात घालून, सासूबाईंचे नाव वर लिहून, तसबिरीच्या मागे जपून ठेवल्या आहेत.