कल्पित जगाचे हवामान

खेळाकरिता नवे जग निर्माण करावयाचे म्हणजे डोंगर हवा तेथे उभा करावा आणि पाऊस हवा तितका पाडावा, असा आमचा समज होता. 'ड्वार्फ फोर्ट्रेस' हा संगणकावरील खेळ २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात भूमीची उंची, पर्जन्य, उष्णता व जमिनीतील पाण्याचा निचरा यांच्या मर्यादा खेळणाराने ठरवावयाच्या आणि यंत्राने त्यांवरून जग रचावयाचे, अशी योजना आहे. हे आकडे कसे बसवावेत हे पाहण्यासाठी आम्ही प्रथम चौकटीच्या कागदावर आपलाच पिंप्राळ्याचा मुलूख मांडून पाहिला. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस अजिंठ्याचे डोंगर, मध्ये तापी, आणि पश्चिमेस उत्तर-दक्षिण अखंड सह्याद्री.

नियम सोपा होता. समुद्रावरील वारा डोंगर चढताना थंड होतो व पाऊस टाकतो. पलीकडे उतरताना तो कोरडा असतो. महाबळेश्वरास वर्षास पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस, तर पायथ्याच्या वाईस त्याचा लहानसा अंश! हाच नियम लावून, वर मे महिन्यातील जळगावची उष्णता घातली, तेव्हा पिंप्राळ्याच्या चौकोनात वाळवंट आले. खिडकीबाहेर मात्र कापूस उभा होता.

चूक कोठे झाली? सह्याद्रीची मुख्य रांग तापीच्या दक्षिणेस सुरू होते; सुरतेकडून तापीचे खोरे उघडे आहे. आम्ही तेथे भिंत घातली होती. शिवाय वारा एकच धरला होता. बंगालच्या उपसागरातून निघणारे कमी दाबाचे पट्टे मध्य हिंदुस्थान ओलांडून पश्चिमेकडे येतात आणि खानदेशासही पाऊस देतात, हे आम्ही विसरलो. (भूगोलाच्या परीक्षेत हेच वाक्य आम्ही बिनचूक लिहिले होते!)

उष्णतेचा आकडाही सर्वत्र एक ठेवून चालत नाही. दर हजार मीटर उंचीस ती सुमारे साडेसहा अंशांनी उतरते. म्हणूनच तोरणमाळ मैदानाहून थंड.

परंतु आम्हांस सर्वांत अधिक शिकविले ते निचऱ्याने. पुष्कळांना हा आकडा क्षुल्लक वाटतो. त्या खेळात पर्जन्य विपुल व निचरा अल्प असल्यास दलदल होते. तितक्याच पर्जन्यात निचरा वाढविला तर अरण्य. आपल्याकडील काळी माती पाणी सहज सोडीत नाही. पाऊस बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो, तरी त्या ओलीवर हिवाळ्यात हरभरा व दादर पिकते. वर्षाची नुसती सरासरी पाहणारास हे पीक दिसावयाचेच नाही.

मग आम्ही खोऱ्याची पश्चिम बाजू मोकळी केली, पूर्वेकडून दुसरा वारा आणला व निचरा खाली उतरविला. मात्र एका वेळी एकच आकडा बदलला, नाहीतर कशाने काय झाले ते कळत नाही. तिसऱ्या नकाशात पिंप्राळ्याच्या चौकोनात गवत आले. कापूस आम्हीच पेरावयाचा होता.