दुबईचा फ्लॅट आणि पुण्यातला कर

प्रश्न : मी कोथरूडला राहतो. दुबई मरिनामध्ये गुंतवणूक म्हणून फ्लॅट घ्यायचा विचार आहे. पत्नीच्या नावेही पैसे पाठवता येतील का? तिथे भाड्यावर कर नाही, हे खरं का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : पाठवता येतील. परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत माणशी, दर आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे. दोघांचे मिळून पाच लाख. मात्र वर्षभरात 10 लाख रुपयांपुढे जाणाऱ्या रकमेवर बँक 20 टक्के टीसीएस (उगमस्थानी गोळा केला जाणारा कर) घेते. तो आयकरात वळता होतो, पण तोवर तेवढी रोकड अडकते. दुबईच्या जमीन विभागाचं 4 टक्के शुल्क वेगळं. मालमत्ता प्रदर्शनातला विक्रेता हे शेवटी सांगतो, सांगितलंच तर!

दुबईत भाड्यावर आयकर नाही, हे खरं. पण तुम्ही भारताचे निवासी, त्यामुळे ते भाडं इथे करपात्र. पत्नीच्या वाट्याचे पैसे तुम्हीच दिलेत, तर तिचं भाडंही तुमच्याच उत्पन्नात धरतील. विवरणपत्रात परदेशी मालमत्ता दाखवायचीच; लपवल्यास 2015च्या काळा पैसा कायद्याखाली 10 लाखांचा दंड होऊ शकतो. बिल्डरच्या लांबलचक हप्त्यांना भुलण्याआधी ते फेमात (परकीय चलन व्यवस्थापन कायद्यात) बसतात का, हे सीएकडून लेखी घ्या.