लेखणी आणि चरितार्थ

लेखनावर पोट भरते का, हा प्रश्न आपल्याकडे थट्टेनेच विचारला जातो. मला तो फीच्या पावतीने विचारला, म्हणून हा लेखप्रपंच.

का. र. मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला. पुढे दिवाळी हा मराठी लेखकाचा सुगीचा हंगामच झाला. पण हे पीक जाहिरातींच्या पावसावर येते. २०२० च्या टाळेबंदीत जाहिराती आटल्या, तेव्हा कित्येक अंकांची पाने घटली, काही निघालेच नाहीत. मंदीत व्यापारी प्रथम जाहिरातीला कात्री लावतो आणि ती लेखकाच्या मानधनापर्यंत पोहोचते. म्हणून मी कथा सोडली नाही, पण महिन्याचा खर्च तिच्या भरवशावर ठेवत नाही. भाषांतर, मुद्रितशोधन ही कोरडी कामे मंदीतही मिळतात. (औषधाच्या माहितीपत्रकात ‘चक्कर’ लिहावे की ‘भोवळ’, यावर मी अख्खी संध्याकाळ घालवली आहे!)

गतवर्षी एका प्रकाशकाने माझ्याकडून पुस्तिका लिहून नेली. ‘मानधनाचे पाहू,’ म्हणाले. सात महिने पाहिले. शेवटी ग्रंथालयात बसून १९५७ चा कॉपीराइट कायदा वाचला. नोकरीत नसलेला लेखक हाच आपल्या लेखनाचा पहिला मालक. हक्क दुसऱ्यास द्यायचे तर लेखी व सहीनिशी द्यावे लागतात. मुदत लिहिली नसेल, तर ती पाच वर्षे धरतात. हे कलम १९ नमूद करून मी पत्र धाडले. निम्मे पैसे आले.

आता दर, तारीख आणि हक्क कागदावर आल्याखेरीज मी काम हाती घेत नाही. उरलेल्या पैशांसाठी दुसरे पत्र परवाच टाकले आहे.